चौदा वर्षं उभी असलेली फियाट: बॅटरी जोडण्याआधी

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. डिचोलीजवळच्या घरी काकांची १९६८ ची फियाट ११०० डी आहे, जुन्या ‘जीडी’ नंबरची. गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये ती चौदा वर्षं उभी आहे. काका गेले, आणि काकी गाडी भंगारात द्यायला तयार नाहीत. शेजारचा मेकॅनिक म्हणतो की नवी बॅटरी लावू, कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल ओतू, नाहीच झाली तर जीपला बांधून ओढू, तासाभरात चालू करून देतो. त्याचं ऐकावं का, खर्चाला सुरुवात कुठून करावी आणि कागदपत्रांचं काय, हे तुमचे प्रश्न. शिवाय एक हॉटेलवाला ती लॉबीत ठेवायला मागतोय.

मेकॅनिकचं ऐकू नका. तो खोटं बोलत नाही. तासाभरात नाही तरी दिवसाभरात तो ती चालू करेलही. १०८९ सीसीचं ते इंजिन इतकं साधं आहे की पेट्रोल, ठिणगी आणि थोडं कॉम्प्रेशन मिळालं की भुरभुरतंच. घात तिथेच होतो. धूर सोडत गाडी अंगणात फिरली की घरात पेढे वाटले जातात, मग लगेच रंगाचं बघतात, सीटला नवं रेक्झिन चढतं, आणि दोन पावसाळ्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा रस्त्यावर येतो. इंजिन ही या गाडीतली सगळ्यात सोपी दुरुस्ती आहे. गोव्यात गाडी मरते ती खालून, पत्र्यातून.

म्हणून पहिला दिवस इंजिनला हात न लावता घालवा.

शेडमध्ये शिरताना जपून. उंदीर असतील तिथे त्यांच्या मागे साप येतो, आणि सीटखालची कोरडी, उबदार जागा त्याला आवडते. लांब काठीने आधी आवाज करा. उंदरांच्या मुताने लेप्टो होतो हे गोव्यात वेगळं सांगायला नको, तेव्हा हातमोजे आणि मास्क घालूनच आतला कचरा काढा. काढण्याआधी फोटो घ्या. प्रत्येक क्लिप, प्रत्येक वायर, दाराच्या आतली पट्टी कुठल्या स्क्रूने बसवली आहे, सगळ्याचे. सहा महिन्यांनी तुम्हाला किंवा मिस्त्रीला ते आठवणार नाही.

आता पत्रा. फियाट ११०० ला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही. फ्लोअर, दाराखालचे पोकळ सिल, खांब आणि पुढचा डबा मिळूनच तिचा सांगाडा होतो. त्यामुळे सिल कुजला तर कणाच गेला असं समजा. कुजण्याची सुरुवात आतून होते. बाहेरून रंगावर करंगळीएवढा फोड दिसतो, आणि आत तळहाताएवढं भोक असतं. तुमच्या भागात आणखी एक भानगड आहे. खाणीची लाल धूळ आणि तांबडी माती मडगार्डच्या आतल्या खोबणीत बसते आणि पावसाळाभर ओली राहते. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. शेड गळत नसलं तरी त्या महिन्यांत हवाच ओली असते.

जाड पेचकस घ्या. त्याच्या मुठीने खालून ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भदभद वाजतो. भदभद वाजला की टोकाने दाबा. पेचकस आत गेला तर जाऊ द्या, नाहीतरी तो भाग कापायचाच आहे. बघायच्या जागा: दोन्ही सिल संपूर्ण लांबीने, सिल आणि फ्लोअरचा सांधा, मागचे पाटे जिथे बॉडीला लटकतात तो कोपरा (हँगर), पुढचं सस्पेन्शन जिथे बोल्ट होतं तो आडवा भाग, बॅटरीखालचा पत्रा, डिकीचा तळ, आणि पुढच्या काचेच्या रबराखालची ओळ. काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी डॅशबोर्डमागून फ्लोअरवर उतरतं आणि मॅटखाली साचतं. मॅट उचलल्याशिवाय फ्लोअरबद्दल बोलू नका.

फडक्यात गुंडाळलेला लहान लोहचुंबक बॉडीवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुटी, म्हणजे खड्डे भरायचा लेप, आहे. साठ-सत्तर सालातल्या गाडीला कधीतरी ठोकर लागलेली असणारच, थोडी पुटी म्हणजे गुन्हा नाही. पण सिलवर किंवा पाट्याच्या हँगरजवळ पुटी सापडली तर कोणीतरी भोक झाकलं आहे एवढं नक्की. मग दारं उघडून बंद करून पाहा. चार दारांच्या फटी वर-खाली सारख्या आहेत का? मागच्या सीटवर दोन माणसं बसवल्यावर दार अडकायला लागतं का? अडकत असेल तर गाडी मधून वाकते आहे. जॅक लावताना सिलखाली लावू नका. एक्सलखाली किंवा सस्पेन्शनच्या आडव्या भागाखाली लावा, आणि खाली शिरण्याआधी स्टँड द्या. चिऱ्यावर (जांभ्यावर) टेकवलेल्या गाडीखाली कोणीही झोपायचं नाही. चिरा दगडासारखा दिसतो, पण एका जागी भार आला की फुटतो.

या तपासणीवरच बाकी सगळं ठरतं. फ्लोअरला दोन-चार ठिकाणी भोकं आणि सिल शाबूत असतील तर गाडी खुशाल हाती घ्या. दोन्ही सिल, हँगर आणि पुढचा आडवा भाग गेला असेल तर टिंकरचं, म्हणजे पत्रा ठोकणाऱ्या कारागिराचं, काम इंजिनच्या खर्चाच्या दुपटीवर सहज जातं. आणि असं काम करणारा टिंकर मिळणं हीच मुळात मोठी गोष्ट. हल्ली बहुतेक जण विम्याची कामं करतात, म्हणजे नवा पॅनल आणून बोल्ट करतात. हाताने पत्रा वळवून सिल बनवणारे म्हापसा, फोंडा, मडगावकडे अजून थोडे आहेत, त्यातले बरेच साठीच्या पुढचे. त्याला काम देताना दोन अटी घाला: दोन्ही सिल एकदम कापायचे नाहीत, आणि कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करून आधार द्यायचा. नाहीतर बॉडी फिरते, आणि मग दारं जन्मभर नीट लागत नाहीत. गॅस वेल्डिंगपेक्षा सीओटू वेल्डिंग घ्या, पातळ पत्रा कमी तापतो आणि कमी वाकतो. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवणार असेल तर नको म्हणा. मध्ये पाणी अडकतं आणि दोन्ही कुजतात.

गोठ्याबद्दल. गोमूत्रातून सुटणारा अमोनिया तांबं आणि पितळ खातो. या गाडीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे, कार्बोरेटरचे जेट पितळेचे आहेत, वायरिंगची टोकं पितळेची आहेत. तेव्हा रेडिएटर वरून धड दिसला तरी काढून दाबाखाली तपासा, आणि प्रत्येक टर्मिनलवर हिरवट-निळा थर शोधा. गाडी तिथून लवकर हलवा.

हलवताना दोरीने ओढू नका. तिला ब्रेक आहेत असं धरूच नका. चाकं फिरत नसतील तर ब्रेक शू ड्रमला चिकटलेले असतात. ड्रमवर चहूबाजूंनी लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने टकटक करा, थोडं गंज सोडवणारं तेल मारा, सुटतात. मग फ्लॅटबेडवर चढवा. विमा आणि नोंदणी चालू नसताना रस्त्यावर चाकं टेकवायची नाहीत, हा आणखी वेगळा मुद्दा.

गाडी गॅरेजमध्ये आली की इंजिनच्या आधी ब्रेक. क्रम उलटा वाटेल, पण एकदा इंजिन चालू झालं की ‘जरा पुढे-मागे करून बघू’ हा मोह कोणालाच आवरत नाही. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि एकच सर्किट आहे. कुठल्याही एका चाकाचं तेल गळालं की चारही ब्रेक एकदम जातात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि चौदा वर्षांत त्या पाण्याने व्हील सिलेंडरच्या आत गंजाचे खड्डे पाडलेले असणार. खड्डे पडलेल्या सिलेंडरमध्ये नवं वॉशर किट टाकून उपयोग नाही, किट महिन्यात कापलं जातं. सिलेंडर बदला किंवा आत स्लीव्ह घाला. रबरी होज वरून बरे दिसले तरी फेका, ते आतून फुगून बंद होतात आणि ब्रेक धरून ठेवतात. स्टीलच्या नळ्या नव्या करा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, तेव्हा ड्रममधली धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमधला पोरगा एअर गन उचलेलच, त्याला आधी सांगून ठेवा.

टायर पाहायचीच गरज नाही, पाचही बदलायचे.

आता इंजिन. ओढून चालू करायला मी का नको म्हणतो? चौदा वर्षांत पिस्टनच्या रिंगा सिलेंडरच्या गंजात बसलेल्या असतात, आणि एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये उघडाच अडकलेला असतो. जीपने झटका दिला की रिंग तुटते, बोअरवर ओरखडा येतो, किंवा अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे पुशरॉड वाकतो. चार दिवस धीर धरला असता तर वाचलं असतं असं इंजिन मग रिबोअरला, म्हणजे सिलेंडर आतून नव्याने कापून घ्यायला, जातं.

आधी एअर फिल्टर उघडा. आत उंदराचं घरटं असणार, सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं असणार. दोन्ही साफ करा. प्लग काढा. प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन-तीन चमचे गंज सोडवणारं तेल किंवा डिझेल आणि पातळ ऑइलचं मिश्रण घाला. आठवडाभर राहू द्या, मध्ये एकदा पुन्हा घाला. दरम्यान इंजिनच्या तळाशी ऑइल साचतं त्या भांड्याचा, म्हणजे संपचा, नट काढून जुनं ऑइल सोडा. पहिल्यांदा पाणी येईल, मग काळा चिखल. चिखल जाड असेल तर संपच उतरवून धुवा, कारण ऑइल पंपाची जाळी त्यात बुडालेली असते. टॅपेट कव्हर काढून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरवर ऑइल घाला.

मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. जोर करायचा नाही. एक अंश पुढे, एक अंश मागे, पुन्हा पुढे. हललं तर जिंकलात. नाही हललं तर आणखी तेल, आणखी चार दिवस. सिलेंडरमध्ये पाणी गेलेलं नसेल तर अशी इंजिनं बहुतेकदा सुटतात. पूर्ण फेरा बसला की रॉकरकडे बघत राहा; आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन वर आले पाहिजेत. एखादा वर येत नसेल तर तेल घालून प्लॅस्टिकच्या हातोडीने हलकेच टकटक करा. इथे घाई केली तर आधीचा सगळा धीर वाया जातो.

नवं २०डब्ल्यू-५० ऑइल भरा, महागडं नको, कारण ते लवकरच काढायचं आहे. प्लग न लावता सेल्फ मारा, थोडा थोडा वेळ, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. प्लग नसताना बेअरिंगवर भार नसतो, तेवढ्यात ऑइल सगळीकडे पोचतं. मग कॉम्प्रेशन बघा. आकडा कमी आला म्हणून घाबरू नका, रिंगा मोकळ्या व्हायला थोडं चालणं लागतं. चार सिलेंडरमध्ये फार तफावत नसणं महत्त्वाचं. एकच सिलेंडर पडला असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह.

डेल्कोमध्ये, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये, पॉइंट काळे झालेले असतील, बारीक पॉलिश पेपरने घासा आणि कंडेन्सर नवा टाका. बॅटरी जोडताना अर्थिंग, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडायचं ते, बघा. फियाटला निगेटिव्ह अर्थिंग आहे. पण हेच वाचून कोणी घरची मॉरिस मायनर काढणार असेल तर तिला मुळात पॉझिटिव्ह असतं, आणि सदुसष्टच्या आधीच्या बीटलला बॅटरीच सहा व्होल्टची. वायरिंग उंदरांनी कुरतडलं असेल तर जोड मारत बसू नका, पूर्ण हार्नेस नवा बनवून घ्या. या गाड्यांना आग लागते ती वायरिंग आणि पेट्रोलच्या नळीमुळे. बॅटरीला कटऑफ स्विच आणि सीटखाली अग्निशामक, हे दोन्ही रंगाच्या आधी.

टाकीतलं जुनं पेट्रोल वार्निशसारखं वासतं आणि चिकट झालेलं असतं. ते इंजिनपर्यंत पोचता कामा नये. टाकी उतरवा, आणि पहिली चाचणी टांगलेल्या छोट्या डब्यातून सलाइनसारखं ताजं पेट्रोल देऊन घ्या. टाकीला भोक असेल तर रिकामी दिसते म्हणून कोणालाही वेल्डिंगची टॉर्च जवळ आणू देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची.

आताचं पेट्रोल हा वेगळाच विषय. पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते पुरेसं ओढलं की टाकीच्या तळाशी पाणी-इथेनॉलचा थर वेगळा पडतो. तिथून टाकी कुजते. जुन्या रबराच्या नळ्या आणि पेट्रोलच्या एसी पंपाचा पडदाही ते मऊ करतं. दोन्ही इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या, दुकानदाराला स्पष्ट विचारून. मिश्रण थोडं पातळ होतं म्हणून मुख्य जेट एक माप मोठा लागू शकतो. प्लगचा रंग बघून ठरवा, पांढरटपणा दिसला तर लागतो. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

इंजिन चालू झाल्यावर वीसेक मिनिटं चालू ठेवा, गरम असतानाच ते ऑइल काढून टाका आणि चांगलं भरा. क्लच फ्लायव्हीलला चिकटला असेल तर पेडल लाकडाच्या ठोकळ्याने दाबून काही दिवस तसंच ठेवा, पुष्कळदा आपोआप सुटतो.

सुट्या भागांची स्थिती बरी आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होत्या, आणि पद्मिनी म्हणजे पुढे नाव बदललेली हीच गाडी. ब्रेक, इंजिन, सस्पेन्शनचे बरेच भाग चालतात. पण टॅक्सी गेल्या तशी ही साठवणही आटणार, म्हणून लागणारं आणि न लागणारं आताच घेऊन ठेवा. जुन्या ११०० डी च्या खास पट्ट्या आणि दिव्यांची भिंगं मात्र सांभाळा, पद्मिनीची सगळीच जुळत नाहीत. मशीन शॉपचं मोठं काम निघालं तर कोल्हापूर किंवा बेळगाव जवळ आहे आणि तिथले हात चांगले आहेत.

रंग सगळ्यात शेवटी, आणि पावसाळ्यात अजिबात नाही. दमट हवेत मारलेल्या ड्युको रंगावर दुधी झाक येते, आणि ओलसर पत्र्यावर मारलेला प्रायमर वर्षात फुगतो. जूनमध्ये सुरुवात करा, पावसाळाभर इंजिन आणि ब्रेक करा, पत्र्याचं काम चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर हातात घ्या. चवथीच्या आधी-नंतरचे पंधरा दिवस मिस्त्री मिळणार नाही हे धरूनच चला. रंग जिथे धड आहे तिथे तसाच ठेवा, असं माझं मत. पन्नास वर्षांचा मूळ रंग पॉलिश करून थोडा फिका दिसला तरी चालतो, तो पुन्हा आणता येत नाही. पोकळ सिलमध्ये मेण किंवा गंजरोधक फवारा जरूर मारा, पण जळकं इंजिन ऑइल नको, त्याने रबराचे बुश फुगतात. आणि प्लॅस्टिकचं ताडपत्री कव्हर घालू नका. आतल्या आत घाम येतो. सुती, हवा खेळणारं कव्हर घाला.

कागदपत्रं. आरसी काकांच्या नावावर आहे, तेव्हा आधी वारसाहक्क. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक असते, म्हणजे निम्मी गाडी आधीपासूनच काकींची आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी विशेष नोटरीकडे वारसांचा दस्त करा, मग आरटीओत मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरणाचा फॉर्म ३१ भरा. काकांना मुलं असतील तर त्यांची संमती लेखी घ्या, तोंडी नको. गाडीवर खर्च झाल्यावर तिची किंमत सगळ्यांना कळते.

पुढे दोन वाटा आहेत. साधी नोंदणी पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवता येते, फिटनेस तपासणीसह. किंवा जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, दहा वर्षांसाठी. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नूतनीकरणाला पाच हजार. नव्याने नोंदलेल्यांना ‘व्हीए’ मालिका मिळते, आधीच नोंदलेल्यांना जुना नंबर राखता येतो, तेव्हा तुमचा ‘जीडी’ सोडू नका. पण व्हिंटेज गाडी रोज बाजारात न्यायला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच. काकींना मंगळवारी देवळात न्यायचं असेल तर साधी नोंदणी बघा.

व्हिंटेजला चासी, बॉडी आणि इंजिन मूळचंच हवं. म्हणून मारुतीचं इंजिन बसवण्याचा सल्ला कोणी दिला, आणि तो देणारा भेटेलच, तर ऐकू नका. टिंकर काम सुरू करण्याआधी चासी नंबर आणि इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या, फोटो घ्या, आणि नंबरच्या जागी ग्राइंडर लावायचा नाही असं त्याला बजावून सांगा. गंजाने नंबर पुसट झाला असेल तर स्वतः काही खोदू नका, आधी आरटीओला लेखी कळवा.

हॉटेलवाल्याचं. पेचकसाच्या तपासणीत दोन्ही सिल आणि हँगर गेलेले निघाले, आणि खिसा तेवढा नसेल, तर लॉबीत जाणं हा तिच्यासाठी वाईट शेवट नाही. कोरड्या जागेत ती टिकेल, शेडमध्ये टिकणार नाही. मात्र इंजिन काढून विकायचं नाही आणि पत्र्याला भोकं पाडून दिवे लावायचे नाहीत, हे कागदावर घ्या. सिल शाबूत निघाले तर त्याला नाही म्हणा आणि फ्लॅटबेडवाल्याला फोन करा.